वेलीखालचं लाकूड

मिस्त्रींनी चूळ भरून बेसिनमध्ये टाकली आणि पाण्याबरोबर एक सोनेरी कण गोल फिरत जाळीपाशी जाऊन चिकटला. त्यांनी नळ मोठा केला. कण हलला नाही. बोटाने काढायला गेले तर बोटाला चिकटला, आणि बोट पुसायला टॉवेल ओढला तर टॉवेलवर असे तीन-चार आधीच ठाण मांडून बसलेले. जेवणातून गेला असेल, नाहीतर चहातून. आत आणखी कुठे कुठे हे चमकत असेल या विचाराने ते पुन्हा दोनदा खाकरले, थुंकले आणि वाकून बघत राहिले.

"तुझ्या बायकोला सांग," बाहेर येऊन ते मुलाला म्हणाले, "आता माझ्या तोंडातनं पण सोनं पडायला लागलंय. तेवढं पण दुकानात देऊन ये म्हणावं."

मुलाची बायको तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. मुलगा बुटाची नाडी बांधत होता. बाप आणि बायको यांच्यामध्ये राहून त्याने ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायची कला चांगलीच कमावली होती. बांधलेली नाडी त्याने सोडली, पुन्हा बांधली, आणि 'येतो' म्हणून तो मालवाहतुकीच्या ऑफिसला निघून गेला.

दीड वर्ष हे असं चाललं होतं. मिस्त्री घरामागच्या शेडमध्ये लेथवर लाकडी वाडगे, झाकणाच्या डब्या, तबकं, दिव्यांच्या बैठका कातायचे आणि सून घरात बसून त्यांच्यावर फॉइल चढवायची. हे काम ती मोबाइलवर बघून शिकली होती. आधी बारीक ब्रशने दुधासारख्या पांढऱ्या गोंदाने वेल काढायची, पानं काढायची. गोंद वाळत वाळत पारदर्शक झाला आणि बोटाला नुसता चिकचिक लागायला लागला, की त्याच्यावर फॉइलचा पातळ कागद ठेवायचा, चमकती बाजू वर. मग तो बोटाने घासायचा, कानाकोपऱ्यात दाबायचा आणि फर्रकन ओढून काढायचा. जिथे गोंद तिथे सोनं, बाकीचं कागदावरच. वरून वार्निशचा हात दिला की झालं.

त्या फर्र आवाजाने मिस्त्रींच्या अंगावर काटा यायचा. ओल्या जखमेवरची पट्टी कुणीतरी ओढतंय असं त्यांना वाटायचं. गोंदाच्या वासाने जेवण जाईना. उशीवर सोनं, दाढीच्या ब्रशात सोनं, वर्तमानपत्राच्या घडीत सोनं. एकदा तर शेजारचा म्हातारा त्यांच्या कपाळाकडे बघून म्हणाला, काय मिस्त्री, या वयात नटायला लागलात की काय. त्या दिवशी ते आंघोळीला दोनदा गेले.

आणि बरं, काढायची तर काही धड काढावी. सुनेच्या वेलीला ना आकार ना उकार. एका बाजूला पानांची गर्दी, दुसरी बाजू ओकीबोकी. कुठे वेल मध्येच खाली वळून बुडाशी जायची, कुठे एकच पान अधांतरी चिकटवलेलं. उंदराने कुरतडलेल्या कागदावर पिवळा रंग सांडावा तशी. मिस्त्री हे मुलाला ऐकवायचे, म्हणजे सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. दोघं समोरासमोर बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं.

मिस्त्रींना लाकडातलं कळत होतं. खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं खुर्च्यांचे पाय कातले. एकासारखा एक, डोळे झाकून. मग कारखान्यात आपोआप पाय कातणारं यंत्र आलं आणि जुनी लेथ भंगारात निघाली. मिस्त्रींनी ती हातगाडीवर घालून घरी आणली, मागे पत्र्याची शेड घातली, आणि तिथून पुढे खुर्चीचा पाय म्हणून एक केला नाही. वाडगे केले. त्यांचा वाडगा उचलला की हातात वजन लागायचं नाही, आणि कडेवरून बोट फिरवलं तर फेरा कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते कळायचं नाही. लाकडाला ते फक्त तेल द्यायचे. रंग नाही, पॉलिश नाही. देवाने आत रेघा काढून ठेवल्यात त्या बघा की, म्हणायचे, वर आणखी गिरगोट्या कशाला.

तेल द्यायचं काम त्यांच्या बायकोचं होतं. ती चिंधीने तेल घासायची, मग चिंधी ठेवून नुसत्या तळव्याने वाडगा आतून-बाहेरून चाचपायची आणि 'झालं' म्हणायची. ते 'झालं' ऐकल्याशिवाय मिस्त्री दुसरा ठोकळा लेथला लावायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेलाची चिंधी सुनेकडे आली, दुकानात माल नेऊन द्यायचं कामही तिच्याकडे आलं, कारण मिस्त्रींना दुकानांचा मूळचाच तिटकारा होता. सून कधी 'झालं' म्हणाली नाही आणि मिस्त्रींनीही ते तिच्याकडून कधी मागितलं नाही.

तोंडातून सोनं पडलं त्या सुमाराला शहरातल्या त्याच दुकानाकडून चाळीस डब्यांची मागणी आली होती. कुठल्याशा ऑफिसला आपल्या माणसांना भेट द्यायच्या होत्या. सगळ्या झाकणाच्या, सगळ्यांवर सोनेरी वेल. मिस्त्री रोज दोन-तीन करत होते आणि प्रत्येक डबी टेबलावर ठेवताना, चांगली मुलगी नको त्या घरी देताना बापाचं तोंड होतं तसं तोंड करत होते. एकोणतीस झाल्यावर त्यांनी अचानक डब्या थांबवल्या आणि माळ्यावरून एक लाकूड खाली काढलं.

ते एका पाडलेल्या इमारतीच्या जिन्याच्या खांबाचं लाकूड होतं. शंभरेक वर्षं माणसं त्याला धरून वर चढली-उतरली असतील. काळसर, आत तांबूस, आणि इतकं घट्ट की पटाशी लागली की शिट्टी वाजायची. बायको असताना त्यांनी ते आणलं होतं आणि चांगल्या कामासाठी ठेवलं होतं. तीन दिवस खपून त्यांनी त्याचा मोठा वाडगा केला, आणि तेल स्वतः दिलं. मग तो जुन्या शर्टात गुंडाळून पिशवीत घातला, धुतलेला सदरा चढवला आणि मुलाला म्हणाले, मी जरा बाहेर जाऊन येतो. कुठे ते सांगितलं नाही. त्यांच्या मनात सरळ होतं. या दुकानवालीला एकदा खरं लाकूड दाखवायचं. नाव सांगायचं नाही, सून कोण तेही सांगायचं नाही. वाडगा आपला आपण बोलेल.

दोन बस बदलून ते दुकानात पोचले. दार ढकलताच अत्तराचा असा भपकारा आला की त्यांना शिंक आली. आत कापडाची फुलं, मेणाची फळं, नसलेल्या पुस्तकांचे नुसते पुठ्ठे, आणि वर टांगलेले पिवळे दिवे. त्या दिव्यांखाली काचेच्या फळीवर त्यांचे वाडगे मांडले होते. सोनेरी पानं झळझळत होती. एक बाई त्यातल्या एका वाडग्यात आपल्या मोटारीची किल्ली टाकून बघत होती, आवाज कसा येतो ते. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. मिस्त्रींनी मान फिरवली.

दुकानवाल्या बाई गल्ल्यामागे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, साखळी लावलेला चष्मा गळ्यात. मिस्त्रींनी शर्ट उलगडून वाडगा त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं आणि त्यांना बरं वाटलं.

बाईंनी चष्मा लावला नाही. आधी डोळे मिटून वाडगा दोन्ही हातांत घेतला. तळव्याने आतून चाचपला. मग कडेवरून अंगठा फिरवला, थांबवला, थोडा मागे आणून पुन्हा फिरवला.

"कुणी केलाय?" त्यांनी विचारलं.

"आहे एक. ओळखीतला."

"शिकतोय का अजून?"

मिस्त्रींना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"नाही, लाकूड फार सुंदर आहे हो. म्हणूनच जिवाला लागतं. हात लावून बघा तुम्हीच." बाईंनी त्यांचं बोट धरून कडेवर ठेवलं. "इथे जाड आहे, इथे पातळ. आणि आत या लाटा लागतात बघा. पटाशी उडालीय. इथे तर लाकूड उपटलंच गेलंय."

मिस्त्रींच्या बोटाला काही लागेना. बोटं घट्टे पडून चामड्यासारखी झाली होती. बाईंनी वाडगा दिव्याखाली तिरका धरला तेव्हा मात्र लाटा दिसल्या. उथळ पाण्यावर वारा गेल्यासारख्या, एकीमागे एक.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला बघून त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि ओळखीतल्या त्या माणसाला सांगायला म्हणून एक युक्ती सांगितली. काचेच्या फळीवरून सोनेरी वेलीची एक डबी आणली आणि मिस्त्रींपुढे ठेवली.

"या डब्या आमच्याकडे एक बाई आणतात. त्यांचे सासरे करतात. एकेकाळी फार मोठा कारागीर असणार तो माणूस. आकार बघा, आकारात कुठे चूक नाही. पण आता हात गेलाय त्यांचा, थरथरतो. पहिल्या तीन खेपा मी माल परत पाठवला. मग या बाईंनीच हे शोधून काढलं. लाकूड फाटलं असेल तिथे भुसा नि गोंद कालवून भरतात, घासतात आणि बरोबर त्याच्यावर पान काढतात. कुणाला कळणार नाही. सासऱ्यांना पण माहीत नाही म्हणाल्या. कळलं तर लेथ बंद करून बसतील. फार चांगली मुलगी आहे हो."

मिस्त्रींनी डबी उचलली. एका बाजूला पानांची गर्दी होती आणि दुसरी बाजू मोकळी. त्यांनी डबी दिव्याखाली तिरकी धरली. सोन्याखाली, बारीक बघितलं तर, प्रत्येक पानाच्या पोटात एक भरलेला खड्डा होता. वेल जिथे मध्येच खाली वळून बुडाशी गेली होती, तिथे पटाशी घसरून बुडापर्यंत गेली होती. वेल काढणारीने आपल्या मनाने एक रेघ ओढलेली नव्हती. ती त्यांच्या चुकांच्या मागे मागे गेली होती.

आपल्याबद्दल, आपल्या माघारी, मेणाच्या फळांच्या आणि अत्तराच्या या दुकानात इतक्या मायेने बोललं गेलं होतं याचीच त्यांना जास्त किळस आली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी डबी खाली ठेवली, वाडगा शर्टात गुंडाळला आणि ते निघाले. बाई मागून म्हणत होत्या, लाकूड वाया घालवू नका म्हणावं त्याला, हवं तर मी त्या बाईंशी बोलते.

बसमध्ये वाडगा मांडीवर होता आणि त्याच्यावर त्यांचा उजवा हात. हात हलत होता, पण बसच खिळखिळी होती, तिच्यात सगळंच हलत होतं. पुढच्या सीटचा दांडा, खिडकीची काच, समोरच्या माणसाची मान. सिग्नलला बस थांबली. दांडा थांबला, काच थांबली, मानही थांबली. हात थांबला नाही. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. अंगावर चढलेलं काहीतरी परकं, ओलं बघावं तसे. मुलाने वर्षभरापूर्वी डॉक्टरकडे चला म्हटलं होतं. थंडीने होतं ते, म्हणून त्यांनी त्याला उडवून लावला होता. तेव्हा कडक उन्हाळा होता.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. सून टेबलाशी बसून एका डबीवर गोंदाचा ब्रश फिरवत होती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलगा घरात नव्हता, त्यामुळे बोलणं तिच्याशीच करावं लागणार होतं.

"परत आलेला माल कुठे ठेवलायस?"

तिचा ब्रश हवेत थांबला. तिने त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, धुतलेल्या सदऱ्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"एवढं हातातलं होऊ दे, बाबा. गोंद पुरता वाळला तर फॉइल धरणार नाही."

"वाळू दे."

ती उठली. आतल्या खोलीत जाऊन तिने आपल्या पलंगाखालून एक गोणी ओढत आणली आणि खिडकीपाशी ठेवली. मिस्त्री खाली बसले. गोणीत नऊ वाडगे होते, प्रत्येकाला तेल दिलेलं, प्रत्येक कापडात गुंडाळलेला. त्यांनी एकेक बाहेर काढून उजेडात तिरका धरला. सगळे त्यांना आठवत होते. हा कुठल्या झाडाचा, तो कधी केला, कुठला करताना पावसाने लाइट गेली होती. सगळे केल्यावर त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. लाटा प्रत्येकावर होत्या. एकाचं तर बूड इतकं तिरकं होतं की जमिनीवर ठेवल्यावर वाडगा डुगडुगत राहिला. शिळ्या अन्नाचा डबा उघडल्यावर नाक मागे घ्यावं तसा मिस्त्रींनी चेहरा मागे घेतला. फरक एवढाच की हे शिजवलेलं त्यांचं स्वतःचं होतं.

"तुला कधी कळलं?"

"सासूबाई गेल्या त्यानंतर दुसऱ्या वर्षी. तेल लावताना हाताला लागायला लागलं. आधी वाटलं, लाकूडच तसं असेल."

"मला सांगायचं होतंस."

"एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला लाकडातलं काय कळतं."

मिस्त्रींना हे आठवलं नाही. पण आपण असंच म्हटलं असणार याची त्यांना खात्री पटली. त्यामुळे राग आणखीच चढला.

"आणि म्हणून माझ्या कामाला बेगड चिकटवलीस. दीड वर्ष. घरात सगळ्यांना ठाऊक, दुकानात ठाऊक, आणि मी येडा रोज उठून तुझ्या पानांना नावं ठेवतोय. मजा आली असेल ऐकायला."

सून जमिनीवर बसली होती. तिच्या बोटांच्या पेरांना गोंदाचे पापुद्रे धरले होते. ते सोलत ती बोलायला लागली आणि तिचा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता इतका रुक्ष होता.

"मला हौस आहे का याची, बाबा? त्या वासाने माझं डोकं उठतं. घास तोंडात घातला की बोटांचा वास आधी येतो. केसांत तेच, अंथरुणात तेच. तुम्हाला वाटतं शिसारी फक्त तुम्हाला येते. मला पण साधंच आवडतं. लग्नात तुम्ही मला वाडगा दिला होता, त्याला मी कधी काही लावलं नाही. पण तसा आता तुमच्या हातून होत नाही."

बोलून गेल्यावर ती दचकली. पण शब्द परत घ्यायचा प्रयत्न तिने केला नाही. मिस्त्रींना वाटत होतं ती रडेल, म्हणजे आपल्याला उठून जाता येईल. ती रडली नाही. ती टेबलाशी गेली. डबीवरचा गोंद वाळून काच झाला होता. ओल्या फडक्याने तो खरवडून काढायला तिला बराच वेळ लागला. तोवर मिस्त्री खिडकीपाशी नऊ वाडग्यांमध्ये बसून होते.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा त्याला जेवणाच्या ताटांवरूनच अंदाज आला. त्याने मीठ मागितलं, बातम्यांमधलं काही सांगितलं, आणि मग तो ताटात बघून जेवत राहिला. मिस्त्रींनी अर्धं जेवण टाकलं. अन्नाचा वीट आला म्हणून नव्हे. चमचा तोंडापर्यंत जाताना हलतो हे आज त्यांना दिसलं, आणि ते समोरच्या दोघांना रोज दिसत होतं, हेही.

अजून अकरा डब्या व्हायच्या होत्या. शब्द दिलेला होता, तो दुकानाला दिला की सुनेला हा प्रश्न मिस्त्रींनी स्वतःला विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेथ सुरू केली आणि एक डबी कातली. नेहमीसारखीच कातली. हात घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला तर तो जास्तच उडाला, म्हणून त्यांनी तो नाद सोडला. डबी झाल्यावर ती फळीवर न ठेवता ते स्टुलावर बसले. बोटांचा उपयोग नव्हता. त्यांनी डबी गालाला लावली. गालाची कातडी म्हातारपणी पातळ झाली होती, आणि सकाळीच दाढी केलेली होती. डबी हळूहळू गालावरून फिरवली. खरखर लागली. थांबले, कानामागची पेन्सिल काढली आणि तिथे एक गोल काढला. पुन्हा फिरवली. दुसरा गोल. झाकणाच्या कडेला तिसरा.

मग घरात जाऊन त्यांनी ती डबी सुनेपुढे ठेवली.

"इथे, इथे, आणि झाकणाला," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे."

सुनेने डबी उचलली. पेन्सिलीचे गोल बघितले. मग डोळे मिटून तिने ती तळव्यावर फिरवली, आतून, बाहेरून, बुडाशी. मिस्त्री उभेच होते. तिने न बोलता हात पुढे केला. त्यांनी पेन्सिल दिली. तिने बुडाजवळ चौथा गोल काढला आणि डबी त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी ती गालाला लावून बघितली. होतं तिथे.

"हं," ते म्हणाले आणि शेडमध्ये निघून गेले.

अकरा डब्या अशाच झाल्या. रोज दोन, एखाद्या दिवशी एकच. ते गोल काढून आणायचे, ती तपासायची, कधी एखादा गोल वाढायचा, कधी नाही. खड्डे भरून, घासून, ती गोंदाचा ब्रश हातात घ्यायची तेव्हा ते आता तिथेच खुर्ची ओढून बसायला लागले. मदतीला नव्हे, नुसते. गोंदाच्या वासाने त्यांना मळमळायचंच. एकदा त्यांनी तिला सांगितलं की पान काढशील तर त्याचं टोक लाकडाच्या रेघेच्या दिशेने वळव, आडवं नको. तिने तसं वळवलं. जरा बरं दिसलं. दोघांनी ते कबूल केलं नाही.

चाळीसावी डबी सगळ्यात वाईट झाली. तिच्यावर सात गोल होते. सुनेने मोजले, आठवा सापडतो का बघितलं आणि नाही सापडला.

"ही आपल्याकडेच ठेवूया का?" तिने विचारलं. "साधीच. तेल लावून."

"नको. घरात आलंगेलं कुणी हात लावून बघतं." त्यांनी डबीकडे न बघता सांगितलं. "हिला सगळीकडूनच सोनं लाव. आणि पुढचं काही घेऊ नकोस दुकानातून. त्या बाईंना सांग, म्हातारा बंद झाला."

सुनेने मान खाली घातली. नको म्हणून ती काही बोलली नाही, आणि तिने तसं बोलू नये अशीच त्यांची इच्छा होती. तिने गोंदाची बाटली उघडली. मिस्त्रींनी तोंड वाकडं करून खिडकी उघडली आणि ते मागच्या दाराने बाहेर पडले.

शेडमध्ये त्यांनी मोटरची पिन काढली. खालचा भुसा, ढलप्या झाडून कोपऱ्यात केल्या. पटाश्यांना तेलाचं बोट लावून त्या कापडात गुंडाळल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी पट्टा काढला. मोटरच्या लहान चाकावरून लेथच्या मोठ्या चाकावर जाणारा, चामड्याचा, सांधून सांधून वापरलेला. चाकांवरून निघाल्यावर तो हातात सापासारखा जड लागला. एका टोकाला लहान चाकाचा बाक होता, दुसऱ्या टोकाला मोठ्याचा. त्यांनी तो गुंडाळून बघितला, तर सुटून पुन्हा तसाच झाला. गुडघ्यावर दाबून सरळ केला. हात सोडल्यावर तो हळूहळू वळत पहिल्या जागी आला. शेवटी त्यांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं. खिळ्यावरही तो सरळ लोंबला नाही. नसलेल्या चाकांभोवती असल्यासारखा, दोन्हीकडे बाक धरून राहिला.